वाचकांचे प्रश्न : वस्तीच्या बरोबरीने आराखडा करणारा वास्तुविशारद

प्रश्न : माझी मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षात आहे. अर्बन डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊन वस्त्यांमध्ये रहिवाशांच्या बरोबरीने काम करायचे आणि पुढे शिकवायचे, असे ती म्हणते. आराखडा लोकच ठरवणार असतील, तर पाच वर्षे शिकलेल्या माणसाचे तिथे काम काय? आणि यावर आयुष्य उभे राहते का?
– एक पालक, सांगली

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाला मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उत्तर कराचीच्या परवीन रहमान यांच्या कारकिर्दीत मिळते. 1957 साली ढाक्यात जन्मलेल्या रहमान यांनी 1982 मध्ये कराचीच्या दाऊद महाविद्यालयातून वास्तुविशारदाची पदवी घेतली, खासगी कार्यालयातली नोकरी थोड्याच काळात सोडली आणि त्या ओरंगी पायलट प्रोजेक्टमध्ये दाखल झाल्या. अख्तर हमीद खान यांनी 1980 मध्ये सुरू केलेले हे काम कराचीच्या वायव्येकडील ओरंगी या अफाट वस्तीत चालत होते आणि वास्तुविशारद आरिफ हसन त्याचे तांत्रिक मार्गदर्शक होते.

ओरंगीतली मुख्य अडचण सांडपाण्याची होती. गटारे सरकारने फुकट बांधून द्यावीत अशी रहिवाशांची अपेक्षा होती, तर सरकारच्या दराने होणारे काम कोणालाच परवडणारे नव्हते. प्रकल्पाने कामाचे दोन भाग पाडले. घरातले शौचालय, गल्लीतली भूमिगत वाहिनी आणि तिला पुढे जोडणारी उपवाहिनी रहिवाशांनी स्वखर्चाने बांधायची. मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण ही जबाबदारी सरकारची. वीस ते तीस घरांची गल्ली हा कामाचा घटक ठरला. गल्लीने आपल्यातून एक प्रमुख निवडून मदतीचा अर्ज केला की तंत्रज्ञ येऊन मोजणी करत, लेव्हल घेत, नकाशा आणि खर्चाचे एस्टिमेट तयार करून देत. पैसे मात्र गल्लीच गोळा करी आणि गल्लीच खर्च करी; प्रकल्पाने त्या पैशाला हात लावला नाही.

वास्तुविशारदाचे काम नेमके इथे आहे. उताराचा अंदाज चुकला तर कितीही एकजूट असली तरी पाणी उलटे घरात येते. सुरुवातीच्या काही गल्ल्यांमधले काम सदोष झाले, तेव्हा कारणे शोधून चेंबरसाठी लोखंडी साचे तयार करण्यात आले, काँक्रीटचे मिश्रण आणि पाणी मारण्याची पद्धत लोकांना शिकवण्यात आली, आणि घर व वाहिनी यांच्यामध्ये गाळ अडवणारी छोटी टाकी बसवण्यात आली. ठेकेदाराचा नफा आणि वरची देवाणघेवाण वगळल्यामुळे खर्च सरकारी दराच्या कितीतरी खाली आला. काय बांधायचे, केव्हा बांधायचे आणि पैसे कसे उभे करायचे हे लोकांनी ठरवले, परंतु ते ठरवता यावे इतके अचूक आणि समजेल असे तांत्रिक ज्ञान त्यांच्या हाती देणे हे प्रशिक्षित माणसाशिवाय होणारे नव्हते. ओरंगीतल्या 90 हजारांहून अधिक घरांनी पुढे याच रीतीने वाहिन्या टाकल्या.

रहमान यांनी यापुढे जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. प्रकल्पाच्या संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेच्या प्रमुख म्हणून त्यांनी वस्तीतल्याच तरुणांना मोजणी आणि नकाशे काढायला शिकवले आणि कराचीच्या कच्च्या आबाद्या (म्हणजे अनधिकृत वस्त्या), नैसर्गिक नाले, शहराच्या कडेची जुनी गावे यांची कागदोपत्री नोंद करून घेतली. सरकारी नकाशावर जिथे काहीच नव्हते, तिथे लोकांनी आधीच बांधलेल्या वाहिन्या आहेत हे त्या नकाशांतून अधिकाऱ्यांना दाखवता आले. त्याच काळात रहमान शहरातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनाही शिकवत होत्या. 13 मार्च 2013 रोजी कराचीत त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. आपल्या मुलीच्या वाट्याला असे काही येईल असे मी मुळीच सुचवत नाही. पण जमीन आणि पाणी यांच्या नोंदी कोणाच्या तरी हितसंबंधांना धक्का देतात, हे या क्षेत्रात येणाऱ्याने जाणून असावे.

आपल्याकडेही ही वाट रुळलेली आहे. पुण्यात वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेली शेल्टर असोसिएट्स ही संस्था नव्वदच्या दशकापासून वस्त्यांचे घराघरापर्यंतचे नकाशे तयार करते आणि आपल्या सांगलीतही तिचे काम झालेले आहे. ‘एक घर एक शौचालय’ या तिच्या उपक्रमात साहित्य दारात पोहोचवले जाते, बांधकाम कुटुंब स्वतः करते आणि ड्रेनेजची व्यवस्था महापालिका पाहते. ओरंगीतल्या वाटणीशी याचे साम्य आपल्या लक्षात येईल. येरवड्यात केंद्राच्या योजनेखाली स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन ही वस्तीतल्या महिलांची संघटना यांच्या सहभागाने जुन्या घरांच्या जागीच सुमारे 270 चौरस फुटांची घरे उभी राहिली, त्यामुळे शेजार मोडला नाही.

पगाराबद्दल स्पष्ट लिहितो. मोठ्या व्यावसायिक कार्यालयातल्या पगाराशी याची बरोबरी होत नाही, आणि निधी प्रकल्पागणिक येत असल्याने मध्ये रिकामे महिनेही जातात. अध्यापनाची जोड त्यासाठीही उपयोगी पडते. पदव्युत्तर प्रवेशापूर्वी तिने दोनएक वर्षे अशा संस्थेत काम करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या स्टुडिओत एका वस्तीचा अभ्यास आहे. रहिवाशांच्या दोन बैठका घेऊन त्यांची मते नोंदवली, तर त्याला लोकसहभाग म्हणता येईल का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : मते नोंदवणे ही चौकशी झाली, निर्णय तुमच्याकडेच राहिला. एका सत्रात निर्णय वस्तीच्या हाती देणे शक्य नाही, म्हणून मोठा दावा करू नका आणि मोजणी मात्र चोख करा. बैठका संध्याकाळी, कामावरून लोक परतल्यावर घ्या, आणि बायकांशी वेगळे बोला, कारण नळाची वेळ, शौचालयाची रांग आणि रात्रीचा अंधार यांबद्दल त्या पुरुषांसमोर सहसा बोलत नाहीत. प्लॅन वाचायची सवय नसलेल्यांना खोलीचा आकार जमिनीवर चुन्याने आखून दाखवा. त्यात उभे राहिल्यावर माणसे पलंग कुठे, चूल कुठे हे आपण होऊन सांगू लागतात.

सत्र संपल्यावर तुमची शीट कॉलेजच्या कपाटात जाईल. त्याआधी गल्लीनिहाय नकाशाची एक प्रत, घरांचे क्रमांक, नळ, चेंबर आणि विजेचे खांब मराठीत दाखवून, वस्तीतल्या मंडळाकडे किंवा बचत गटाकडे द्या आणि ती कशी वाचायची हे तिथल्या दोघाचौघांना शिकवा. वॉर्ड कार्यालयात अर्ज करताना तो कागद त्यांना जोडता येईल.