गाडीच्या दारावरचा ओरखडा घरच्या घरी जाईल का?

प्रश्न : सर, रविवार कारंज्याला गाडी लावली होती, कोणाच्या तरी बाईकचं हँडल मागच्या दाराला घासून गेलं. वीतभर ओरखडा आहे आणि एका टोकाला चक्क पत्रा दिसतोय. त्यात सोसायटीत रिव्हर्स घेताना मागचा बंपर खांबाला टेकला, तो आत दबलाय. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही पूर्ण रंगवा, भाऊ म्हणतो टूथपेस्ट घास, मेव्हणा म्हणतो क्लेम टाक. गाडी सिल्व्हर मेटॅलिक, १२०० सीसी, एनसीबी (विम्याचा क्लेम न केल्याबद्दलची सूट) ३५ टक्के. घरी काही होईल का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : होईल, पण सगळं नाही. बंपरचं टेन्शन घेऊ नका, तो प्लास्टिकचा, गंजत नाही, दिवाळीनंतर बघितलंत तरी चालेल. घाई आहे ती त्या उघड्या पत्र्याची, कारण नाशकात एकदा पाऊस लागला की तिथूनच गंज रंगाखाली सरकतो आणि मग बाजूचा चांगला रंगसुद्धा फुगून सुटायला लागतो.

आधी दार धुवा आणि ओरखड्यावर पाणी टाकून बघा. ओलं असेपर्यंत जिथे तो दिसेनासा होतो तिथे फक्त क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासला गेलाय, तेवढा भाग रबिंग कंपाऊंड (घासून चकाकी आणायची पेस्ट) आणि मायक्रोफायबर कापडाने जाईल. हलक्या हाताने करा हां, हा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षा पातळ, आणि कंपाऊंड त्यालाच घासून कमी करतं. टूथपेस्टही तेच करते, फक्त कमी. नख अडकतं तिथे दोन्हीचा उपयोग शून्य.

पत्रा दिसतोय तिथे टच-अप. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर नाहीतर बॉनेटखालच्या स्टिकरवर मिळेल, नुसतं 'सिल्व्हर द्या' म्हणून रंग आणू नका. गंजाचा ठिपका असेल तर बारीक वॉटर पेपरने तेवढाच काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग टूथपिकच्या टोकाने आधी प्रायमर, नंतर रंग, शेवटी क्लिअर. एकदम थेंब सोडून खड्डा भरायचा मोह होतोच, पण तो फुगवटा कायम दिसत राहतो, त्यामुळे पातळ थर द्या आणि प्रत्येक थर वाळू द्या. महिनाभर तिथे वॅक्स नको. आणि खरं सांगायचं तर मेटॅलिक रंग तंतोतंत जुळणार नाही, त्यातले चमकीचे कण स्प्रेने जसे बसतात तसे टूथपिकने बसत नाहीत, जवळून डाग दिसणारच. गंज थांबला, आपलं काम झालं.

स्प्रे कॅनच्या नादी मात्र लागू नका, दमट हवेत क्लिअर कोट पांढरट पडतो आणि पार्किंगमधली धूळ त्यात बसते ती वेगळीच.

बंपर फाटला नसेल आणि तिथे सेन्सर नसेल तर चांगलं गरम पाणी ओता, हातमोजे घालून आतून दाबा, बऱ्याचदा परत बाहेर येतो, आला की लगेच गार पाणी मारा. रंगाला तडे गेले असतील तर ते काम गॅरेजचं.

क्लेम? एवढ्यासाठी नको. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून जातात, आणि एनसीबी प्रोटेक्शन (ही सूट टिकवणारं जादा कव्हर) घेतलेलं नसेल तर रिन्यूअलला ३५ टक्क्यांचं शून्य होतं. ही सूट ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर असते, तेव्हा पॉलिसी काढून तो आकडा बघा, गॅरेजच्या कोटेशनशेजारी ठेवा आणि मग मेव्हण्यांशी बोला.