रात्रीच्या महामार्गावर बंद पडलेला ट्रक

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

सहायक मोटार वाहन निरीक्षक म्हणून तुझी नेमणूक वायुवेग पथकात, म्हणजे रस्त्यावर फिरून वाहने तपासणाऱ्या आपल्या परिवहन खात्याच्या पथकात झाली आणि पहिल्याच महिन्यापासून तुला रात्रपाळी आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. कर, परवाना, जादा भार, कागदपत्रांची छाननी हे सारे तुला प्रशिक्षणात शिकवलेले आहे आणि कामाच्या ओघात ते अंगवळणीही पडेल. म्हणून हे पत्र मी एकाच विषयासाठी लिहीत आहे, तो म्हणजे बंद पडून रात्री रस्त्यावरच उभा राहिलेला ट्रक. हे काम पोलिसांचे आणि टोलनाक्यावरच्या लोकांचे आहे, असे तुला अनेकजण सांगतील. ते तू मनावर घेऊ नयेस, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

‘उभ्या ट्रकवर पाठीमागून धडकून’ झालेल्या मृत्यूंची बातमी आपण सगळेच वाचतो आणि ‘चालकाला अंदाज आला नाही’ या एका वाक्यावर ती संपते. तू यंत्र अभियांत्रिकी शिकलेली आहेस, तेव्हा हा अंदाज का येत नाही याचे गणित स्वतः मांडून पाहा. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 28 मीटर अंतर कापते. समोरचा धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 42 मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी पूर्ण थांबायला त्यापुढे आणखी साधारण 55 मीटर लागतात. म्हणजे शंभराच्या आसपास मीटर हवेत, आणि डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर ठेवलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड मात्र पन्नास-साठ मीटरपर्यंतच पडतो. ज्या ट्रकचे मागचे दिवे बंद आहेत, रिफ्लेक्टर चिखलाने माखले आहेत किंवा ताडपत्रीखाली झाकले गेले आहेत, तो ट्रक दिसेपर्यंत थांबण्याची वेळ टळून गेलेली असते. त्यातच, चालत्या लेनमध्ये पुढे दिसणारे वाहन चालतेच आहे असे मन गृहीत धरते आणि ते जागचे हललेले नाही हे डोळ्यांना अगदी जवळ गेल्यावरच उमगते. दुभाजकापलीकडून येणाऱ्या अप्परच्या, म्हणजे वरच्या झोतात तर तेवढेही उमगत नाही. दारू न प्यालेला, पेंग न आलेला, नियमाने चाललेला माणूसही अशा ट्रकवर आदळू शकतो, हे तू पक्के ध्यानात ठेव.

धडकेनंतर जे घडते, तेही आपल्या खात्याशी जोडलेले आहे. मोटारीचा पुढचा भाग चुरडून आघात पचवण्यासाठी घडवलेला असतो. परंतु ट्रकच्या हौद्याची मागची कड उंच असल्याने बॉनेट खाली शिरते आणि ती कड थेट काचेवर, म्हणजे माणसांच्या छाती-डोक्याच्या पातळीवर येते. हे टाळण्यासाठीच ट्रकच्या मागे खाली आडवी संरक्षक पट्टी बसवणे बंधनकारक आहे आणि ती जमिनीपासून 550 मिलिमीटरपेक्षा उंच असता कामा नये. योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीला आणलेल्या किती गाड्यांची ही पट्टी वाकलेली, वर उचलून बांधलेली किंवा दोन बोल्टांवर लटकलेली असते, ते तू पाहशीलच. ती हाताने हलवून पाहिल्याशिवाय सही करू नकोस. परावर्ती पट्ट्यांचेही तसेच आहे. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल पट्टी दिवसा सगळ्याच गाड्यांवर दिसते, पण तिचा कस रात्री लागतो. विजेरी डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, लांब मागे जाऊन पट्टीवर प्रकाश टाक, कारण चांगली पट्टी प्रकाश जिथून आला तिथेच परत धाडते. कमरेशी विजेरी धरून पाहणाऱ्याला चांगली पट्टीही निस्तेज वाटेल.

आता ट्रकचालकाची बाजू समजून घे. ‘बाजूला घ्यायला काय झाले होते?’ असे आपण सहज म्हणतो. पण एअर ब्रेकच्या गाडीत हवेची नळी फुटली आणि दाब उतरला, की स्प्रिंगच्या जोराने मागची चाके जागीच आवळली जातात. गाडी जिथे आहे तिथेच उभी राहते आणि दहा माणसांनी ढकलूनही ती हलत नाही. एक्सल तुटला, पाटा (चाकावरची पोलादी स्प्रिंग) मोडून चाक अडकले, तरी हीच गत होते. बॅटरी कमकुवत असेल तर ब्लिंकर थोड्या वेळात मंदावतात, आणि सकाळी स्टार्टर फिरायला हवा म्हणून चालक कित्येकदा तेही बंद करून टाकतो. पूर्वी सोबत क्लीनर असायचा, तो मागे उभा राहून कापड तरी हलवायचा. आता पुष्कळ गाड्यांवर चालक एकटाच असतो. मिस्त्री आणायला जावे तर मागे गाडी आणि माल उघड्यावर राहतो, आणि मदतीला फोन करावा तर आधी दंडाची पावती हातात पडेल ही धास्ती असते. मग तो चार दगड आणि बाभळीच्या फांद्या मागे मांडतो. तेही ट्रकला खेटून, जिथे त्यांचा इशारा म्हणून काहीच उपयोग नसतो. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड मात्र रस्त्यावरच राहतात. पुढे ते एखाद्या दुचाकीच्या चाकाखाली येतात. रस्त्यावर असे बेवारस दगड दिसले, तर गाडी थांबवून ते बाजूला करणे हे तुझ्या पथकाचे काम आहे, असे मी मानतो.

कायदा या बाबतीत दुबळा नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 122 ने वाहन धोकादायक स्थितीत सोडणे मना केले आहे. कलम 127 मध्ये दहा तास वा अधिक काळ सोडून दिलेले वाहन हलवण्याची तरतूद आहे. मात्र ते वाहतुकीला धोका ठरत असेल, तर दहा तास थांबण्याची गरज नाही, पोलीस अधिकारी ते तत्काळ ओढून नेण्यास सांगू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली सार्वजनिक रस्त्यावर धोका वा अडथळा निर्माण केल्याबद्दल पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यात दिव्यांविना उभ्या असलेल्या एका टँकरच्या प्रकरणात, त्यावर आदळलेल्या मोटारीच्या चालकाकडे निम्मा दोष देणारा उच्च न्यायालयाचा निष्कर्ष फिरवला आणि टँकरचालकाचाच निष्काळजीपणा कायम केला. ट्रकमालकांना हे आवर्जून सांगत जा. मात्र जागेवर, रात्री, अडकलेल्या चालकासमोर पावतीपुस्तक सर्वांत शेवटी काढ. दंडाच्या भीतीने जो फोन करत नाही, तो अंधारात तासन्‌तास उभा राहतो.

एक घटना मात्र तुला विसरता येणार नाही. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, वैजापूर तालुक्यातील जांबरगाव टोलनाक्याजवळ, सैलानीबाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनी बस एका ट्रकवर मागून आदळली आणि 12 जणांचे प्राण गेले. तो ट्रक बंद पडलेला नव्हता. परिवहन विभागाच्या पथकाने तो रस्त्यात थांबवल्याचा आरोप झाला आणि दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांना अटक झाली. म्हणजे तुझ्याच पदावरची माणसे. त्या महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, तेव्हा वर मांडलेले गणित तिथे आणखी कठोर होते. रात्री कोणतेही वाहन चालत्या लेनमध्ये किंवा साइडपट्टीवर तपासणीसाठी थांबवू नकोस. ते टोलनाक्यापलीकडच्या उजेडातील मोकळ्या जागेत किंवा ट्रक थांब्यावरच घे. वरिष्ठांनी लक्ष्याचा आकडा पुढे केला तरी या बाबतीत तडजोड करू नकोस.

बंद पडलेला ट्रक दिसला, तर तुमची जीप त्याच्या पुढे नेऊन लावण्याची चूक होऊ देऊ नकोस. ती मागे, बरेच अंतर राखून, साइडपट्टीवर घे आणि वरचा दिवा चालू ठेव. त्रिकोण किंवा शंकू ट्रकपासून किमान शंभर मीटर मागे जायला हवेत. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे आणि चढाचा माथा असेल तर माथ्याच्या अलीकडे ते लाव. खंबाटकी किंवा कसाऱ्यासारख्या घाटात यासाठी आणखी कितीतरी मागे चालत जावे लागेल. चालत जाताना वाहतुकीकडे तोंड ठेव. दोन वाहनांच्या मधल्या फटीत स्वतः उभी राहू नकोस आणि चालकालाही राहू देऊ नकोस. बिघडलेले चाक रहदारीच्या बाजूचे असेल, तर क्रेन येऊन लेन बंद होईपर्यंत त्याला जॅक लावू देऊ नकोस. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक आहेतच, पण तुझ्या हद्दीतील महामार्ग पोलीस चौकीचा, गस्ती वाहनाचा आणि क्रेनवाल्याचा थेट क्रमांक पहिल्याच आठवड्यात मिळवून ठेव, कारण गाडी ओढून नेण्याचा आदेश देण्याचा अधिकार पोलिसांचा आहे आणि तिथे तुझा वेळ जाता कामा नये.

आणखी एक काम लगेच हाती घे. तुझ्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत आणि गाळप सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतील. त्यांच्या मागे उसाच्या मोळ्या इतक्या बाहेर लोंबतात, की दिवा असला तरी दिसत नाही, आणि टायर फुटला की ट्रॉली तिथेच सोडून ट्रॅक्टर निघून जातो. हंगाम लागण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला भेट. मोळ्यांच्या बाहेरच्या टोकाला बांधता येतील असे परावर्ती कापडाचे पट्टे वाहतूक करारातच बंधनकारक करून घेता येतात का, हे त्यांच्याशी बोल आणि सुटलेल्या ट्रॉलीची खबर रात्री कोणी कोणाला द्यायची, तो माणूस नावानिशी ठरवून घे. बैठकीत काय ठरले ते मला कळव. ट्रॉलीमालकांशी बोलताना माझी मदत लागली, तर मी येईन.

तुझा शुभचिंतक