हरणासाठी .२२३ पुरेल का?

इंदूर, ऑक्टोबरअखेर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न सरळ आहे. तिथले शेतमालक तुला .२२३ ची (आकडा इंचात, साधारण गोळीच्या व्यासाचा) रायफल वापरायला देणार आहेत, नोव्हेंबरात टेक्सासमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मोसम सुरू होतो, तर ती बंदूक पुरेल का? उत्तरही सरळ देतो. तुमच्या त्या टेकड्यांच्या मुलखात हरणं लहान चणीची आहेत. मादी जेमतेम चाळीस किलोची असते. शंभर यार्डांच्या आत, कुशीवर, म्हणजे तुझ्याकडे एक बाजू करून, उभी असताना, योग्य गोळी वापरली तर .२२३ पुरते. तरीही पहिल्या मोसमात तू ती घेऊ नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्याकडे .२४३, म्हणजे जराशी जाड गोळीची, असेल तर ती माग. नुसतं ‘काका नको म्हणाले’ एवढ्यावर तू थांबणार नाहीस, म्हणून कारणं लिहितो.

तुझा नेम मी पाहिलाय. पन्नास मीटरवर पालथं पडून नेमबाजीच्या छोट्या .२२ ने मारताना दहा गुणांचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरसुद्धा भरत नाही, आणि तू त्यात गोळ्या घालत होतीस. त्यामुळे तुला वाटतंय की नेम पक्का असेल तर गोळी लहान असली म्हणून काय बिघडतं. हे तुला एकटीला वाटत नाही, फार मोठ्या माणसांना वाटलेलं आहे. चार्ल्स न्यूटनने आखलेली .२२ सॅव्हेज हाय-पॉवर १९१२ साली बाजारात आली आणि हॅरी कॉल्डवेल नावाच्या मिशनऱ्याने चीनमध्ये तिने वाघ मारले. १९३५ साली .२२० स्विफ्ट आली. ४८ ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅमही नसलेली गोळी सेकंदाला चार हजार फुटांच्या वेगाने जायची. आफ्रिकेत शेकडो हत्ती मारलेला डब्ल्यू. डी. एम. बेल उतारवयात स्कॉटलंडमध्ये लाल हरणांवर हीच वापरायचा आणि तिची तारीफ करायचा.

पण बेलचं नाव घेणारे एक गोष्ट सोडून देतात. त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे बसतो ते पाहिलं होतं. जनावर कोणत्याही बाजूला तोंड करून उभं असो, आत काय कुठे आहे ते त्याला दिसायचं. लहान गोळीच्या बाजूने बोलायचा हक्क त्याला तिथून मिळाला. तू अजून हरीण उघडून पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत गुराढोरांबरोबर चितळ, काळवीट, रोजडे (नीलगाय) हेही शवविच्छेदनाला माझ्यासमोर आले. त्यातले काही चोरट्या शिकारीचे होते. आवाज कमी म्हणून छोटी .२२, नाहीतर गावठी भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायची बंदूक. बरगडीपाशी अडकलेली गोळी, तिच्याभोवती पू, जखमेत अळ्या, आणि जनावर हाडांचा सापळा झालेलं. गोळी लागल्यावर ते त्या दिवशी मेलेलं नसतं. कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा मेलेलं असतं. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण तुला ठाऊक असलं पाहिजे.

अर्थात ती .२२ आणि तुझी .२२३ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्यास जवळपास तोच, पण .२२ च्या ४० ग्रेनच्या गोळीत नळीच्या तोंडाशी साधारण १४० फूट-पौंड शक्ती असते, .२२३ च्या ५५ ग्रेनच्या गोळीत जवळजवळ १,३००. पहिलीला टेक्सासमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी कायद्यानेच बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी १,९०० च्या पुढे जाते. पण शक्तीच्या आकड्यांवर फार भर देऊ नकोस. हरीण आकड्याने मरत नाही.

ते मरतं कसं ते नीट समजून घे, बाकी सगळं त्यातून निघतं. गोळी दोन्ही फुफ्फुसांतून गेली की रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळात हरीण पन्नास-शंभर यार्ड पळून जातं, हृदयाला गोळी लागलेलं असलं तरी. म्हणजे गोळीने दोन कामं केली पाहिजेत: फुफ्फुसांत रुंद जखम, आणि शक्यतो पलीकडच्या बाजूने बाहेर पडणं. दुसरं काम लोक विसरतात. बाहेर पडली तर पलीकडचं भोक मोठं असतं, रक्त जमिनीवर सांडतं आणि माग काढता येतो. आत राहिली तर रक्त छातीच्या पोकळीत साठतं. तुमच्याकडे सीडर, मेस्किट आणि निवडुंगाची जाळी आहे. तिथे संध्याकाळी पन्नास यार्डांवर मरून पडलेलं हरीणसुद्धा रक्ताचा माग नसेल तर सकाळपर्यंत सापडत नाही, आणि तोवर कोयोटी (तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) पोचलेले असतात.

.२२३ ची अडचण नेमकी इथे आहे. हलकी गोळी फुगली, म्हणजे लागल्यावर टोक पसरून रुंद झाली, तर बहुधा आत थांबते, न फुगता गेली तर पेन्सिलीएवढं भोक पाडून जाते. म्हणून या बोअरमध्ये (नळीच्या व्यासात) सगळा भार गोळीच्या बांधणीवर येतो. दुकानात ५५ ग्रेनचे तीन डबे शेजारी शेजारी असतील. एकात लष्करी पद्धतीची पूर्ण तांब्याचं आवरण असलेली गोळी असेल. ती हरणावर वापरायची नाही, अनेक राज्यांत तिला मनाईच आहे. दुसऱ्यात प्रेअरी डॉग (खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी), कोयोटी यांच्यासाठी बनवलेली पातळ आवरणाची गोळी, जी बरगडीवर आदळताच फुटून वर मोठी जखम करते आणि आत पोचत नाही. दिसायला भयंकर, जनावर जिवंत. तिसरी, म्हणजे शिशाचा गाभा आवरणाला घट्ट जोडलेली किंवा सबंध तांब्याची, ती तुला हवी. मिळाली तर ६० ग्रेन किंवा त्याहून जड घे. पण जड म्हणजे लांब, आणि लांब गोळीला जास्त फिरकी लागते. .२२३ च्या जुन्या रायफलींत नळीच्या आतल्या पिळाचा बारा इंचांत एक वेढा असतो. अशा नळीतून लांब गोळी स्थिर जात नाही, कागदावर आडवी लागलेली दिसते. नऊ किंवा आठ इंचांत एक वेढा असेल तर प्रश्न नाही.

.२४३ मध्ये यातली बहुतेक चिंता उरत नाही. १९५५ साली विंचेस्टरने ती आणली ती कोल्हे आणि हरणं दोन्हींसाठी. १०० ग्रेनची साधी, स्वस्त, मऊ टोकाची गोळी त्या चणीच्या हरणातून बहुधा आरपार जाते. खांद्याच्या हाडाला घासून गेली तरी पुढे जाते. वाऱ्यातही बरी: ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात दोनशे यार्डांवर .२२३ ची हलकी गोळी चार इंचांच्या आसपास सरकते, आणि त्या हरणाची खरी मर्माची जागा सात-आठ इंचांची असते.

लहान बोअरच्या बाजूने एक मुद्दा अगदी खरा आहे, तोही सांगतो. धक्का. .३०-०६ या मोठ्या रायफलीचा धक्का बसून बसून नवखी माणसं घोडा ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतात, आणि मग पोटात गोळी लागते. पोटात लागलेल्या .३०-०६ पेक्षा फुफ्फुसात लागलेली .२२३ शंभरपट चांगली. पण .२४३ चा धक्का .३०-०६ च्या निम्म्याहून कमी असतो. तुला तो जाणवेल, त्रास होणार नाही. .२२३ आणि .३०-०६ एवढेच दोन पर्याय समोर असते तर मी वेगळं लिहिलं असतं.

मोठी बंदूक घेतल्याने तुझा नेम सुधारणार नाही. तिने फक्त चुकीला थोडी जागा मिळते, आणि ती जागा हरणाच्या वाट्याची असते. रेंजवर चूक झाली तर नऊ गुण मिळतात. पहाटेच्या थंडीत, छातीत धडधड होत असताना, एक पाऊल पुढे टाकणाऱ्या हरणावर दोन इंच चूक झाली तर त्याची किंमत तू मोजत नाहीस.

जगभरच्या कायद्यांनीही साधारण हाच विचार केलेला दिसतो. कोलोरॅडोत हरणासाठी .२४ पेक्षा लहान बोअर चालत नाही, व्हर्जिनियात .२३ पेक्षा. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांना किमान .२४० आणि १,७०० फूट-पौंड लागतात, पण मुंटजॅकसारख्या बुटक्या हरणाला .२२० चालते. स्कॉटलंडमध्ये रो नावाच्या लहान हरणासाठी ५० ग्रेन आणि १,००० फूट-पौंड पुरतात. टेक्सासने बोअर ठरवून दिलेलं नाही, म्हणून तो निर्णय तुझ्यावर येतो.

आता कागदपत्रांचं. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. अपवाद थोडे आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार परवाना. तेव्हा परवाना आधी, बंदुकीला हात नंतर, सरावासाठीसुद्धा. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात एकदा विचारून घे. शिवाय २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम लागतो. तो तू मन लावून कर.

सराव पालथं पडून करू नकोस, ते तुला येतं. सहा इंचांची कागदी थाळी लाव. बसून, काठीच्या आधाराने, झाडाला टेकून उभं राहून मार. रोज पहिली गोळी थंड नळीतून, आणि मोजायची तीच. ज्या अंतरावर पाचातल्या पाचही थाळीत बसतात ते तुझं अंतर. ते ऐंशी यार्ड निघालं तर ऐंशी, त्यापुढचं हरीण तुझं नाही.

नेम धरताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर ये आणि छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात थांब. हरीण कुशीवर किंवा किंचित पाठमोरं असेल तरच. तुझ्याकडे छाती करून उभं असेल तर सोड. मान आणि डोकं तर मुळीच नाही. कितीही व्हिडिओ दाखवोत. जबडा फुटलेलं हरीण चालतं, फिरतं आणि भुकेने मरतं.

गोळी सुटल्यावर लगेच दुसरी भर आणि जागेवर बस. हरीण कुठे उभं होतं आणि कुठल्या झुडपाआड गेलं त्या दोन खुणा मनात पक्क्या कर. मग जाऊन पाहा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस, अर्ध्या तासाने निघ. काळपट लाल म्हणजे यकृत, तीन-चार तास थांब. हिरवट, वास येणारं काही किंवा नुसते पांढरे केस दिसले तर पोट. सहा-आठ तास पुढे जाऊ नकोस, कारण पाठलाग केला की ते उठून मैलभर जातं. तिथे माग काढणारे कुत्रे मिळतात, आधीच कुणाचा तरी फोन नंबर घेऊन ठेव. माग लागला नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा शोध.

चितळांबद्दल तू लिहिलंस ते वाचून गंमत वाटली. रालामंडलला होळकरांच्या शिकारगाहाच्या पायथ्याशी जी चितळं तू लहानपणी पाहिलीस, त्यांचेच भाऊबंद १९३२ पासून टेक्सासमध्ये आहेत आणि आता इतके वाढलेत की मूळच्या हरणांचा चारा खातात. परदेशी प्राणी म्हणून त्यांना बंद मोसम नाही, फक्त परवाना आणि मालकाची संमती. पण नर सत्तर-ऐंशी किलोचा असतो, कातडी-स्नायू चिवट, आणि त्याची फुफ्फुसं तुझ्या अपेक्षेपेक्षा किंचित पुढे आणि खाली. त्याच्यावर .२२३ नको. दक्षिणेत किंग रँचकडे नीलगाय आहेत, म्हणजे आपले रोजडे. दोनशे किलोंच्या पुढच्या नरासाठी .२४३ सुद्धा अपुरी. तिथे मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या रायफलवाल्यांनाच जाऊ दे.

एक ताकीद. दिवाळीला घरी आलीस की हे सगळं तिथेच ठेवून ये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडची परवान्याची शिकार संपवली. मानपूर-चोरलकडे शेतात रोजडे घुसतात म्हणून कुणी प्रेमाने बोलावेल, तरी जायचं नाही. पिकांसाठी मार्ग निघतायत: २०२५ मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टरने हाकून काळवीट आणि रोजडे बोमात (नरसाळ्यासारख्या कुंपणात) घेतले आणि दुसरीकडे नेऊन सोडले, एकही गोळी न झाडता. तुझं शिक्षण आपल्याकडे त्या कामाला लागेल.

आता एवढं कर: मालकांकडे .२४३ आहे का ते विचार. नसेल तर त्या .२२३ च्या नळीवर बहुधा वेढ्याचा आकडा कोरलेला असेल, तो आणि काडतुसांच्या डब्याचा फोटो मला पाठव. गोळी घेण्याआधी बोलू. फोन रविवारी सकाळी कर, तेव्हा इथे रात्र होईल पण मी जागा असतो.

तुझा,
काका