बातमी तिसऱ्या परिच्छेदात होती

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू बोलतो. टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रमैत्रिणींच्या रॉक बँडच्या प्रसिद्धीचं काम ती बघते आणि पुढे हेच करायचं म्हणते. अशी नोकरी असते का? पगार कोण देतं? परगावी, रात्री-बेरात्री राहावं लागेल, त्याचं काय? तिनं लिहिलेली एक प्रेस नोट सोबत जोडली आहे. – एक पालक

नमस्कार.

तुमच्या पत्राआधी मी मुलीची नोट वाचली. सुरुवात अशी : ‘तरुणाईला थिरकायला लावणारा, संगीत क्षेत्रातील उगवता तारा...’ दुसऱ्या परिच्छेदात प्रमुख पाहुण्यांची नावं. आणि तिसऱ्याच्या अगदी शेवटी एक ओळ, की ड्रम वाजवणारा मुलगा लहानपणापासून गणपतीत मंडळाच्या लेझीम पथकात हलगी वाजवायचा आणि बँडच्या एका गाण्यात त्यानं तोच ठेका ड्रमवर बसवलाय.

मी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर अकरा वर्षं काढली आहेत. संध्याकाळी सातनंतर टेबलावर नोटांचा ढीग पडायचा. प्रत्येकीच्या पहिल्या दोन ओळी वाचायच्या, बस. ‘उगवता तारा’ दिसला की कागद बाजूला जायचा. हलगीची ओळ वर असती तर मी स्वतः फोन उचलून त्या मुलाला बोलावून घेतलं असतं. तुमच्या मुलीला बातमी सापडलेली आहे, ती कुठे ठेवायची ते अजून कळायचं आहे. सापडणं शिकवून येत नाही, ठेवणं येतं. म्हणून मी तुम्हाला तिला अडवू नका असंच सांगणार आहे.

हे काम तुम्हाला अगदीच अनोळखी नाही. आपल्या प्रत्येक मंडळात अध्यक्ष, खजिनदार असतात तसा एक प्रसिद्धीप्रमुख असतो. पब्लिसिस्ट म्हणजे बँडचा प्रसिद्धीप्रमुख, फक्त पोटापाण्यासाठी करणारा. जाहिरातीची जागा पैसे मोजून घेता येते, बातमीची घेता येत नाही. ती पत्रकाराला पटवून मिळवावी लागते, आणि पत्रकार तुमच्या शब्दावर एकदाच फसतो.

दिवसभर करायचं काय, तर नवी गाणी बहुतेक शुक्रवारी येतात. जुलै २०१५ पासून जगभर हाच वार ठरलाय. मोठा अल्बम असला तर त्या शुक्रवारच्या सहा-आठ आठवडे आधी काम सुरू होतं. बँडच्या पोरांना बोलतं करून त्यांची ओळख लिहायची. छापण्याजोगे फोटो काढून घ्यायचे. गाण्याची खासगी लिंक निवडक पत्रकारांना पाठवायची आणि अमुक तारखेआधी छापू नका ही अट पाळली जाते ना, ते बघायचं. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी. मग फोन. वीस जणांना पाठवलं तर दोघांचं उत्तर येतं, आणि उरलेल्या अठरांना न चिडता पुन्हा विचारायचं असतं. कार्यक्रमाच्या दिवशी साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, सांभाळून मुलाखती बसवायच्या, फोटोग्राफरना पास द्यायचे आणि फोटो फक्त पहिल्या तीन गाण्यांत, फ्लॅश नाही, हा रिवाज समजावून सांगायचा. आपल्याच बँडचं गाणं सुरू असताना ती बहुधा दारात पाहुण्यांची यादी घेऊन उभी असेल. हे तिला आधी माहीत असू द्या.

एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. टोनी बॅरो हा लिव्हरपूलजवळचा मुलगा. शाळेत असतानाच, १७ व्या वर्षी, तो गावच्या संध्याकाळच्या दैनिकात नव्या रेकॉर्डवर सदर लिहू लागला. पुढे बीटल्स या गाजलेल्या इंग्लिश बँडच्या मॅनेजरनं सल्ल्यासाठी त्यालाच पत्र लिहिलं आणि तो त्यांचा प्रेस ऑफिसर झाला. बीटल्सच्या चौघांना मिळालेलं ‘फॅब फोर’ हे नाव त्याच्याच लेखणीतून आलं. आता दुसरी बाजू. मार्च १९६६ मध्ये बीटल्समधल्या जॉन लेननची एक मुलाखत लंडनच्या दैनिकात छापून आली. आम्ही आता येशूपेक्षा लोकप्रिय आहोत, असं तो त्यात बोलून गेला होता. इंग्लंडमध्ये कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. बॅरोनं ती मुलाखत अमेरिकेतल्या ‘डेटबुक’ मासिकाला देऊ केली. त्यांनी नेमकं तेच वाक्य उचललं, आणि पाठोपाठ रेकॉर्डच्या होळ्या झाल्या, रेडिओ केंद्रांनी गाणी बंद केली. शेवटी ११ ऑगस्टला शिकागोत पत्रकारांसमोर लेननला खुलासा करावा लागला. वाक्य तेच, वाचणारा बदलला. कुठलं वाक्य कुठल्या गावात कसं वाचलं जाईल याचा अंदाज, हेच या कामाचं खरं कसब आहे.

आणि इथे तुमच्या मुलीकडे आयती पुंजी आहे. घरी तेलुगू, कॉलेजात मराठी, बाजारात हिंदी आणि कानडी ऐकत ती वाढली. बंगळूरची रॉकची परंपरा मोठी आहे, हैदराबादही जवळ. चार भाषांत बोलू शकणारी प्रसिद्धीप्रमुख मुंबईत शोधून मिळत नाही. लहान गावाचं तर मनातही आणू नका. भारतातलं रॉकचं नाव घ्यावं असं मासिक, रॉक स्ट्रीट जर्नल, अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादेतून सुरू केलं.

पैशांचं स्पष्ट सांगतो. फक्त रॉक बँडवर घर चालवणारे पब्लिसिस्ट आपल्याकडे फार थोडे आहेत. बहुतेक जण प्रसिद्धीची कामं घेणाऱ्या एजन्सीत नोकरी करतात. तिथे चित्रपटांची गाणी, महोत्सव, कंपन्यांची कामं असतात आणि त्यातच बँडची कामं बसतात. स्वतंत्र काम करणाऱ्यांना महिन्याचं ठरलेलं मानधन किंवा एका अल्बमपुरती रक्कम मिळते, तीही उशिरा, कारण आयोजकाकडून बँडलाच उशिरा मिळते. माल गेला आणि पेमेंट अडकलं, हे तुम्ही अनुभवलेलं आहे. बिल कसं करायचं, ॲडव्हान्स कसा मागायचा, हे तिला तुमच्याइतकं चांगलं कुणी शिकवणार नाही. सुट्टीत तिला कारखान्याच्या वसुलीच्या फोनवर बसवा, हे मी मनापासून सुचवतो.

बी.कॉम. पूर्ण होऊ द्या. मग पत्रकारिता, आपल्या विद्यापीठात किंवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. त्यानंतर एक वर्ष कुठल्याही दैनिकाच्या डेस्कवर, पगार कमी असला तरी. नोट कशी फेकली जाते हे बघितल्याशिवाय न फेकली जाणारी नोट लिहिता येत नाही.

रात्रींची तुमची काळजी रास्त आहे. कार्यक्रम दहाला संपतो, पुण्याहून सोलापूरची हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळीच सुटलेली असते, म्हणजे मुक्काम आलाच. काम घेताना राहण्याची आणि परतीची सोय कोण करणार हे लेखी मागायचं, आणि निदान पहिली दोन वर्षं सोबत टीममधलं कुणी तरी असेल अशीच कामं घ्यायची. लेखी द्यायला जो कां-कूं करतो, तो पैसेही बुडवतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. अशाला नाही म्हणायचं धाडस तिला घरातून मिळू दे.

सध्या एवढंच करा. ती नोट तिला पुन्हा लिहायला सांगा. हलगी पहिल्या वाक्यात, पाहुणे शेवटी, दोनशे शब्दांच्या आत. व्हॉट्सॲपवर बारीक झालेला फोटो नको, मूळ फाइल मेलनं पाठवावी आणि खाली नावं डावीकडून क्रमानं द्यावीत. मला पाठवा, मी त्याच दिवशी वाचेन.