प्राध्यापकांचे उत्तर आले नाही, म्हणून अर्ज थांबवू नका

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला अमेरिकेत अरेखीय तरंगांवर, म्हणजे ज्यांचा वेग त्यांच्या उंचीवरही अवलंबून असतो अशा लाटांवर, पीएच.डी. करायची आहे आणि तेथील एका प्राध्यापकांना पाठवलेल्या ईमेलला दीड महिन्यात उत्तर न आल्याने ती खचली आहे, असे आपण लिहिले आहे. सोबत जोडलेला तिचा ईमेल मी वाचला. त्यात गुणांची टक्केवारी आहे, संधी मिळावी अशी विनंती आहे, पण त्या प्राध्यापकांच्या गणिताविषयी एकही वाक्य नाही.

अमेरिकेतील बहुतेक गणित विभागांत प्रवेश एकटे प्राध्यापक देत नाहीत. विभागाची समिती सगळे अर्ज वाचून निर्णय घेते आणि मार्गदर्शक पुष्कळदा प्रवेशानंतर ठरतो. त्यामुळे उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे.

मला काळजी वाटते ती तिच्या तयारीची. तिच्या विषयाची गोष्टच घ्या. 1834 साली एडिंबरोजवळच्या कालव्यात अभियंते जॉन स्कॉट रसेल यांनी आकार न बदलता पुढे सरकणारा पाण्याचा एकच उंचवटा पाहिला आणि घोड्यावरून मैल-दोन मैल त्याचा पाठलाग केला. त्याचे समीकरण गणितज्ञ कोर्टेवेग आणि द व्रीस यांनी 1895 मध्ये मांडले. 1965 मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी संगणकावर असे तरंग एकमेकांतून आरपार जाताना पाहिले आणि त्यांना ‘सॉलिटॉन’ हे नाव दिले. हेच गणित तिने येत्या सुट्टीत पायथॉन या संगणकभाषेत स्वतः करून पाहावे. या समीकरणात उंची दुप्पट असलेला तरंग दुप्पट वेगाने धावतो, मागून येऊन बुटक्याला गाठतो, आणि भेटीनंतर दोघांचा आकार तोच राहून फक्त जागा थोडी सरकलेली दिसते. ही सरक तिने मोजली, ती सूत्राशी ताडून पाहिली आणि कुठे चुकले, कसे सुधारले हे स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) लिहिले, तर समितीला तिची विचार करण्याची पद्धत दिसेल. लहानपणापासून गणिताची आवड होती, या वाक्यातून ती पद्धत दिसत नाही.

बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातील उपयोजित गणित विभागाला या विषयाची मोठी परंपरा आहे. मात्र एकाच नावावर भिस्त न ठेवता, या विषयावर दोन-तीन प्राध्यापक काम करतात असे विभाग निवडावेत. खर्चाची चिंता रास्त आहे, परंतु अमेरिकेत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना बहुधा शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फीमाफी आणि विद्यावेतन मिळते, म्हणून कर्जाचा विचार आताच करू नये.

अर्जांची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत संपते. शिफारसपत्रे सहसा तीन लागतात, तेव्हा तिने आपल्या शिक्षकांना सप्टेंबरातच भेटावे आणि जाताना तो पायथॉनचा आलेख सोबत न्यावा.