मदरबोर्ड गेलाय म्हणतात. जुना डेस्कटॉप दुरुस्त करू की नवीन घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात २०१४ चा डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर. वळवाच्या पावसात दोन-तीनदा लाइट गेली-आली आणि तेव्हापासून तो चालूच होत नाही. दुकानदार बोर्ड बदलायचे साडेसहा हजार मागतोय. आत टॅलीचा सगळा हिशोब आहे.

मी सोलापुरातच दुरुस्तीचं काम करतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली अशी मशीनं माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीनचं काय करायचं ते नंतर ठरवा, आधी हिशोब हातात घ्या. मशीन चालू होत नाही म्हणजे डेटा गेला असं बिलकूल नाही. हार्ड डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायला सांगा. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये १०००० अशा आकडी नावाची फोल्डरं असतात, एकेक कंपनीचं एकेक. ती सगळी दोन ठिकाणी कॉपी करून घ्या. हे तुमच्यासमोर व्हायला हवं. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र ती पुन्हा पुन्हा जोडून बघू देऊ नका, थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. टकटकणारी डिस्क जितकी फिरवाल तितका डेटा हातातून जातो.

आता बोर्डाकडे. लाइटच्या झटक्यानंतर मशीन मेलं की मला पहिला संशय एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याचा येतो. दुकानदाराला एकच विचारा: दुसरा, चांगला एसएमपीएस लावून बघितला का? त्याची हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक, असं पुष्कळजण धरून चालतात. पंखा फिरतो तरी १२ व्होल्टची लाइन खाली बसलेली असू शकते. ती ११.४ ते १२.६ च्या आत हवी आणि लोड असताना, म्हणजे मशीन त्यातून वीज ओढत असताना मोजायला हवी. त्यानंतर रॅम काढून तिचे पाय खोडरबराने साफ करून बसवावेत, बोर्डावरचा ३ व्होल्टचा सेल बदलून बघावा. हे सगळं करूनही बोर्ड उठत नसेल, किंवा प्रोसेसरजवळचे कपॅसिटर (छोट्या नळकांड्यांसारखे भाग) वर फुगलेले दिसत असतील, तर दुकानदाराचं म्हणणं खरं मानायला हरकत नाही.

आपल्याकडे हे कपॅसिटर लवकर का जातात, तेही सांगतो. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, आणि कारखान्यातलं सुताचं तूस हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर) आणि एसएमपीएसच्या पंख्यावर नमद्यासारखं बसतं. हवा खेळत नाही, आतली उष्णता बाहेर पडत नाही. कपॅसिटरचं तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. मशीनच्या वयापेक्षा ते कुठे ठेवलंय याचा हिशोब मोठा असतो.

एसएमपीएसच गेला असेल तर जरूर दुरुस्त करा. बरोबर एक सॅटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क टाका. जुन्या डिस्कवर रेंगाळणारं हेच मशीन टॅली आणि बिलं झटकन उघडेल.

बोर्ड खरंच गेला असेल तर माझं स्पष्ट मत: साडेसहा हजार घालू नका. त्या पिढीचे बोर्ड आता मिळतात ते जुन्या मशीनमधून उतरवलेले नाहीतर बिनब्रँडचे. रॅम डीडीआर-थ्री, म्हणजे उद्या नव्या मशीनला उपयोगाची नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, चौथी पिढी त्यात बसत नाही. ज्या मशीनवर जीएसटीचं लॉगिन आणि बँक उघडते, तिथे सुरक्षेचे अपडेट बंद झालेली सिस्टीम वर्षानुवर्षं चालवणं मला पटत नाही. एसएमपीएस बदलून चालू झालेल्या मशीनलाही हे लागू आहे. त्यावर वेळ काढा, पण बदलायची तयारी ठेवा.

नवाकोरा परवडत नसेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेला डेस्कटॉप बघा. पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी घ्या. छोट्या डब्याचं मॉडेल टाळा; त्याचा एसएमपीएस वेगळ्या आकाराचा असतो, बाजारातला साधा बसत नाही आणि बिघडला की अडून बसायची वेळ येते. मागचे पोर्ट आधी बघून घ्या. तुमचा मॉनिटर व्हीजीएचा, म्हणजे जुन्या जोडणीचा असणार, आणि अशा पुष्कळ मशीनना फक्त डिस्प्लेपोर्ट ही नवी जोडणी असते. बिलं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढत असाल तर त्याची जुन्या पद्धतीची रुंद पॅरलल केबल कुठे लावणार, हेही पैसे देण्याआधीच विचारा.

टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. बोर्ड बदला नाहीतर मशीन, ते परत ॲक्टिव्हेट करावं लागेल, तेव्हा तुमच्या टॅलीवाल्याशी आजच बोलून ठेवा.

नवीन मशीन यंत्रमागांच्या हॉलला लागून ठेवू नका, मधे बंद होणारं दार हवं. यूपीएस घ्याच, आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी ओतायला सांगा. जुनं मशीन भंगारात देताना हार्ड डिस्क मात्र काढून स्वतःजवळ ठेवा.