अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे वाजला की बंद पडला?

प्रश्न: ताई, इंग्लिशच्या क्लासमध्ये वाक्य आलं, ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह’. मी लिहिलं, पाच वाजता अलार्म बंद पडला. सर म्हणाले चूक, अलार्म वाजला. त्याच्याच खाली होतं ‘द लाइट्स वेंट ऑफ’, तिथे मात्र दिवे बंद झाले हे बरोबर! एकाच ‘गो ऑफ’चे उलटे अर्थ कसे काय? सगळे पाठच करायचे का?

उत्तर: चूक मनाला लावून घेऊ नका, ऑफ म्हणजे बंद हे आपण बटणांवर वाचतच मोठे झालोय. पण ऑफचा मूळ अर्थ बंद नाहीये, तो आहे ‘पासून दूर, सुटून’. एका एफचा ऑव्ह आणि दोन एफचा ऑफ हे जुन्या इंग्लिशमध्ये एकच शब्द होते, जोर देऊन म्हटला जाणारा तो पुढे ऑफ म्हणून वेगळा झाला.

आता आपलं ‘सुटणे’ बघा. वारा सुटला म्हणजे सुरू झाला आणि शाळा सुटली म्हणजे संपली, तरी आपला कधी गोंधळ होत नाही, कारण दोन्हीकडे काहीतरी अडवलेलं मोकळं झालंय हे आपल्याला आतून कळतं. ‘गो ऑफ’ मला अगदी तसंच वाटतं. चावीचं गजराचं घड्याळ आतून पाहिलंय का कधी? चावी दिली की स्प्रिंग ताणली जाते, एक छोटा खटका सगळं धरून ठेवतो, वेळ झाली की खटका बाजूला होतो, स्प्रिंग सुटते आणि हातोडी घंटेवर आपटत राहते. म्हणजे अलार्म सुटला! ‘द गन वेंट ऑफ’ म्हणजे गोळी सुटली, बॉम्ब वेंट ऑफ म्हणजे फुटला, हेही त्याच घरातले.

दिव्यांचं तर आणखी सोपं, आपण लाइट गेले असंच म्हणतो ना, तेच हे. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं, आणि ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणजे कॉफीवरून मन उडालं. हे दोन्ही ब्रिटिश वळणाचे, अमेरिकन माणूस दुधाला सहसा ‘गॉन बॅड’ म्हणेल. उलट ‘ही वेंट ऑफ ऑन मी’ म्हणजे तो माझ्यावर भडकला, हे अमेरिकेकडचं.

त्यामुळे पाठ करत बसू नका, आधी कर्ता कोण ते बघा, घंटा आहे, दिवा आहे, दूध आहे की माणूस, अर्थ बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

आणि हो, एक चूक मला फार वेळा दिसते, ‘आय वेंट ऑफ द अलार्म’. असं नाही होत! अलार्म आपला आपण गोज ऑफ, आपण बंद केला तर ‘टर्न्ड ऑफ’, आणि धुरामुळे वाजला तर ‘द स्मोक सेट ऑफ द अलार्म’. आता हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा: ‘द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ.’ पहिल्या ऑफला वाजला, दुसऱ्याला गप्प झाला.